तांब्याच्या दोन पट्ट्या आणि पेटंटचा प्रश्न

ऐंशीच्या दशकात ज्यांच्या घरावर दूरदर्शनचा अँटेना होता, त्यांना टीव्हीच्या पाठीमागची ती छोटी काळी डबी आठवत असेल. अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठी नाही. एका बाजूला चपट्या वायरीचे दोन स्क्रू, दुसऱ्या बाजूला गोल केबलची पिन. दुकानदार तिला ‘मॅचिंग’ म्हणायचे. दर वर्षी नव्या तुकडीसमोर मी अशी एक डबी पक्कडीने फोडतो. आत दोन भोकांचा काळा फेराइटचा मणी निघतो आणि त्यातून ओवलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. चारदोन वेढे. बाकी काही नाही. अँटेना विषयावर मी नगरमध्ये पंचवीस वर्षे शिकवतो आहे, आणि तो मणी हातात घेतला की अजूनही मला तेवढेच नवल वाटते.

या वस्तूला अभियांत्रिकीत बॅलन म्हणतात. ‘बॅलन्स्ड’ आणि ‘अनबॅलन्स्ड’ या दोन शब्दांच्या सुरुवाती जोडून झालेले हे नाव. पोरे त्याचा उच्चार फुग्यासारखा करतात, पण फुग्याशी त्याचा संबंध नाही. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने स्वतः केलेला बॅलन माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारले, “सर, याला पेटंट मिळेल का?” हा लेख त्या प्रश्नातून आला आहे.

आधी बॅलन करतो काय ते पाहू. डायपोल अँटेनाला दोन सारख्या भुजा असतात. एकीत जेवढा करंट आत जातो, तेवढाच दुसरीतून बाहेर यायला हवा. जुवाला जुंपलेल्या जोडीसारखे, दोघांवर ओढ सारखी. गोल केबल, म्हणजे कोएक्सियल, मात्र जात्याच एकांगी आहे. मध्ये एक तार, भोवती जाळी. आता यातली खरी गंमत अशी की रेडिओच्या वारंवारतेला करंट धातूच्या पृष्ठभागावरूनच वाहतो, त्यामुळे त्या एकाच जाळीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू हे जणू दोन वेगळे वाहक होतात. डायपोल सरळ केबलला जोडला, तर आतून आलेल्या करंटला जाळीच्या टोकाशी दोन वाटा दिसतात: एक डायपोलच्या भुजेत, दुसरी जाळीच्या बाहेरून परत खाली. त्या दुसऱ्या वाटेने करंट गेला की केबल स्वतःच अँटेना होऊन बसते. केबलला हात लावला की चित्र हलायचे, ते यामुळेही. बॅलन ही दुसरी वाट अडवतो.

आणि हे काम तो एकमेकींना खेटून असलेल्या दोन तारांनी करतो. टीव्हीच्या डबीचाच हिशेब घ्या. तारांची एक जोडी म्हणजे एक ट्रान्समिशन लाइन. अशा १५० ओहमच्या दोन सारख्या लाइनी घ्यायच्या. केबलच्या बाजूला त्या समांतर जोडल्या की ७५ ओहम होतात. अँटेनाच्या बाजूला एकापुढे एक जोडल्या की ३००. चपटी वायर ३०० ओहमची, गोल केबल ७५ ची. दोन्ही लाइनींची लांबी सारखी असल्याने वारंवारता कोणतीही असो, दोन्हीतल्या लहरी टोकाला एकाच वेळी पोहोचतात, म्हणून या बॅलनचा वारंवारतेचा पट्टा रुंद. ही कल्पना स्वित्झर्लंडच्या गुस्ताव ग्वानेला यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी अमेरिकेत नेथन मार्शंड यांनी दुसरी रचना छापली, तीत पाव तरंगलांबीच्या जोडलेल्या लाइनींचे दोन तुकडे असतात. १९५७ मध्ये रॉबर्ट्स आणि १९५९ मध्ये रुथरॉफ यांच्या रचना आल्या. आज मोबाइलच्या चिपमध्ये जो बॅलन असतो, तोही बहुधा यांच्यापैकीच कुणाचा तरी वंशज असतो.

नगरच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. शहरालगत वाहननगरला संरक्षण संशोधन खात्याची व्हीआरडीई आहे. वाहनांच्या ईएमसी चाचणीची सोय तिथे उभी राहिली. गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स आजूबाजूच्या रेडिओत किती गोंगाट सोडते, आणि बाहेरच्या लहरींनी गाडीचे ब्रेक वा इंजिन बिघडत नाही ना, हे तपासायचे. अशा चाचणीत ३० ते ३०० मेगाहर्ट्झसाठी सहसा बायकोनिकल अँटेना लावतात. सर्वांत वरची वारंवारता सर्वांत खालच्या वारंवारतेच्या दहापट, आणि तेवढ्या सगळ्या पट्ट्यात बॅलनने दोन्ही भुजा सारख्या राखायच्या. तो राखतो का, हे पाहण्याची आंतरराष्ट्रीय मानकातली रीत मला फार आवडते. अँटेना उभा लावून वाचन घ्यायचे, मग तोच खाली डोके वर पाय करून पुन्हा घ्यायचे. दोन वाचनांचा मध्य काढला, तर कोणतेही वाचन त्यापासून एका डेसिबलहून जास्त सरकता कामा नये. एवढेच. बॅलनमध्ये खोट असेल तर ती इथे लपत नाही.

दुसऱ्या दिशेला, कल्याण रस्त्याने टाकळी ढोकेश्वरवरून आळेफाट्याला उतरलो की नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण. जिल्हा पुणे, पण पारनेरच्या पोरांना ती आपलीच वाटते. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे जी गर्दी होते, तीत आमच्या बाजूच्या शाळा असतातच. अद्ययावत झालेल्या जीएमआरटीत २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा एकाच फीडने, म्हणजे तबकडीसमोरच्या छोट्या अँटेनाने, घेतला जातो. डायपोल जातीचा फीड केबलला जोडायचा म्हटले की तोल सांभाळण्याचा प्रश्न तिथेही आलाच.

माझी विद्यार्थिनी पारनेर तालुक्यातलीच. वडिलांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान. तिचा पहिला बॅलन वडिलांच्या सुपर एनॅमल तारेचा होता, दोन तारा हँडड्रिलच्या चकमध्ये धरून पिळलेल्या. इंचाला पीळ किती बसतात यावर त्या जोडीचा ओहम बदलतो, हे तिने पुस्तकाआधी दुकानात पाहिले होते. वडिलांना ओहम माहीत नव्हते, पण पीळ घट्ट झाला की ‘तारेचा गुण बदलतो’ हे त्यांचे शब्द. दुसरा बॅलन तिने छापील सर्किट बोर्डावर केला, मार्शंडच्या वळणाचा. हवेत १ गिगाहर्ट्झची पाव तरंगलांबी साडेसात सेंटिमीटर. साध्या एफआर-४ बोर्डावर ती चारेक सेंटिमीटर होते, त्यामुळे सगळा बॅलन तळहातावर मावतो. पट्ट्यांच्या खालच्या तांब्यात तिने एक फट कापली होती.

“फट कशाला?” मी विचारले.

“सर, दोन पट्ट्यांतून करंट एकाच दिशेने जातो तेव्हाचा वेग आणि उलट दिशेने जातो तेव्हाचा वेग सारखा राहत नाही. एक लहर मागे पडते. फटीमुळे फरक कमी होतो.”

उत्तर बरोबर होते. बोर्डावरच्या लाइनीत काही विद्युतक्षेत्र फायबरमध्ये आणि काही हवेत असते. दोन्ही प्रकारांत हा वाटा वेगळा पडतो, म्हणून वेगही वेगळे. जोडपट्ट्यांच्या बॅलनचे हेच जुने दुखणे.

आता कायदा. आपला पेटंट कायदा १९७० चा. त्यानुसार शोध नवा हवा, उद्योगात वापरता येण्याजोगा हवा आणि त्यात ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ हवी, म्हणजे आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व तर हवेच, शिवाय त्या विषयातल्या जाणकाराला ती गोष्ट सहज सुचण्यासारखी नको. बॅलन उद्योगात उपयोगी आहे, यावर कुणी वाद घालणार नाही. नवेपणा मात्र जगभराच्या मापाने मोजतात. १९४४ च्या मासिकातला मार्शंडचा लेख, जपानी अर्जातली आकृती, कुठल्याशा परिषदेतला निबंध, सगळे ‘आधीचे ज्ञान’ ठरते. मग कलम ३. त्यातले ‘च’ समजा, म्हणजे इंग्रजी मसुद्यातले एफ, सांगते की ज्ञात साधनांची नुसती जुळवाजुळव, ज्यात प्रत्येक साधन आपापले ठरलेले काम एकमेकांशी संबंध न ठेवता करते, तो शोध नव्हे. आणि गणिती पद्धतीला पेटंट नाही, म्हणून ओहमची सूत्रे कितीही देखणी असली तरी ती बाजूला ठेवायची. पेटंट मिळेल तर त्या सूत्राने घडलेल्या वस्तूला.

सहज सुचण्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा एक निकाल आजही आधाराला घेतात. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. प्रकरण मिर्झापूरच्या भांडी करणाऱ्यांचे. लेथवर भांडे घट्ट धरण्याच्या सुधारलेल्या साधनाला १९५१ चे पेटंट होते. न्यायालयाने पाहिले की भाग जुनेच आहेत आणि त्यांची ही जोड कुशल कारागिराला कामाच्या ओघात सुचणारी आहे. ही कारखान्यातली सुधारणा आहे, शोध नाही. पेटंट गेले. हा निकाल शिकवताना मला विद्यार्थिनीच्या वडिलांची आठवण येते. पिळाचा त्यांचा आडाखा मोलाचा आहे, पण पिळलेल्या जोडीचे बॅलन जगाला साठ वर्षांहून अधिक काळ माहीत आहेत. त्यावर पेटंट मागता येत नाही.

मी तिला सांगितले, अर्ज नंतर, आधी शोध घे. पेटंट कार्यालयाचा ‘इनपास’ फुकट आहे, युरोपीय कार्यालयाचा ‘एस्पेसनेट’ फुकट आहे. नुसता ‘बॅलन’ शब्द टाकला तर हजारो नोंदी निघतात आणि कामाच्या नेमक्या हुकतात, कारण पेटंट लिहिणारे वस्तूला तिच्या साध्या नावाने हाक मारतीलच असे नाही. वर्गीकरणाचा आकडा टाकायचा. एच०१पी ५/१० म्हणजे संतुलित आणि असंतुलित लाइनी जोडणारी साधने. एच०३एच ७/४२ म्हणजे संतुलित संकेत असंतुलित करणारी, किंवा उलट करणारी नेटवर्क्स. तीन आठवडे ती दोन रकाने चाळत बसली. एक वही केली. डाव्या पानावर जुन्या पेटंटची आकृती हाताने काढायची, उजव्या पानावर लिहायचे की आपला बॅलन यापेक्षा कुठे वेगळा. पहिल्या पंधरा पानांवर उजवीकडे एकच शब्द होता: ‘नाही’. मार्शंडची मांडणी जुनी, फट जुनी, दोन्ही एकत्रही कुणीतरी केलेली. त्या दिवशी ती फार हिरमुसली. मी मात्र ती वही हातात घेऊन म्हणालो की पदवीच्या चार वर्षांत तू बॅलनबद्दल एवढे शिकली नव्हतीस. मनापासून म्हणालो.

इथे एक दुखरी गोष्ट सांगतो. अनेक ठिकाणी हा शोध न घेताच अर्ज दाखल होतात. अर्ज एरवी १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. जास्तीचे शुल्क भरून फॉर्म ९ दिला तर महिनाभरात होतो. मग ‘पेटंट प्रकाशित’ असा फलक लागतो आणि पालक पेढे वाटतात. प्रकाशन म्हणजे मंजुरी नव्हे. परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते, नव्या नियमांनुसार ३१ महिन्यांच्या आत, आणि ती केली नाही तर अर्ज आपोआप बाद होतो. मी स्वतः एका संस्थेच्या अर्जावर सहसंशोधक म्हणून सही केली होती. परीक्षणाचे शुल्क भरलेच गेले नाही आणि तीन वर्षांचे काम तिथेच संपले. काही जण डिझाइन नोंदणीलाही पेटंट म्हणतात. डिझाइन कायदा फक्त दिसणे राखतो. बॅलनच्या पेटीचा आकार त्यात बसेल, पट्ट्यांतून लहर कशी जाते ते बसणार नाही.

खर्चाचा बाऊ मात्र करू नये. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आहे, आणि २०२१ पासून शैक्षणिक संस्थांनाही तोच दर. परीक्षणाचे ४,०००. अर्ज मुंबईच्या अँटॉप हिलच्या कार्यालयाकडे जातो. काम अर्धवट असेल तर तात्पुरते स्पेसिफिकेशन देऊन तारीख धरता येते, पूर्ण स्पेसिफिकेशन १२ महिन्यांत. मिळालेच तर हक्क अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे, तेही वार्षिक शुल्क भरत राहिल्यास. त्या बदल्यात शोध कसा करायचा ते पुरते सांगावे लागते, आपल्याला माहीत असलेली सर्वांत चांगली रीत हातची राखून चालत नाही.

आणि गप्प राहावे लागते. अर्जाआधी प्रोजेक्ट प्रदर्शनात मांडला, परिषदेत निबंध वाचला, तर आपलाच शोध आपल्याला आडवा येतो. कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाला, अशा मोजक्या प्रसंगांनाच. गॅदरिंगमधल्या टेबलाला ती मिळेल या भरवशावर राहू नये.

वहीच्या बाविसाव्या पानावर उजवीकडे पहिल्यांदा वाक्य आले. पट्ट्याच्या वरच्या टोकाला तिच्या बॅलनच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या बरोबर उलट राहत होत्या, जुन्या आकृत्यांतल्या रचना तिथे घसरत होत्या. कारण तिला माहीत नव्हते. आम्ही तिचा डायपोल गच्चीवर नेला, उभा लावला, वाचन घेतले, उलटा केला, पुन्हा घेतले. काटा जवळपास जागचा हलला नाही. मग तिने एकेक गोष्ट काढून पाहिली. फट बुजवली, पट्टी अरुंद केली, टोके बदलली. चौथ्या बोर्डावर एक लहानशी गोष्ट काढताच तोल बिघडला, आणि परत लावताच जागेवर आला. ती गोष्ट तिने वडिलांच्या दुकानातल्या सवयीने, काही विचार न करता केली होती. तिच्यामुळे फट आणि पट्ट्या आपापले काम वेगवेगळे करत नाहीत, एकमेकींच्या कामात हात घालतात. कलम ३ मधली अडचण तिथे मागे पडते. जाणकाराला ते सहज सुचले असते का, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर परीक्षकाला द्यावे लागेल. पहिल्या मसुद्यातला तिचा क्लेम, म्हणजे पेटंटमध्ये मागितलेला हक्क, होता, ‘जोडलेल्या लाइनींचा रुंद पट्ट्याचा बॅलन’. आताचा क्लेम नऊ ओळींचा आहे आणि सगळा भार त्या एका गोष्टीवर आहे.

सध्या ती आणखी दोन बोर्ड करून मोजते आहे, एक वेगळ्या जाडीचा, म्हणजे क्लेममधली मापे एकाच नमुन्याला बांधलेली राहू नयेत. अर्ज त्यानंतर. दिवाळी अंकही कायद्याच्या लेखी प्रकाशनच, म्हणून ती लहानशी गोष्ट कोणती, आणि पट्टीच्या कोणत्या टोकाला आहे, हे मी इथे लिहिलेले नाही.