स्वस्त संगणकाची खरी किंमत

शाळेसाठी आपण काय करावे, असा विषय माजी विद्यार्थ्यांत निघाला की संगणक कक्षाची सूचना पुढे येते. आता तिला ‘रास्पबेरी पाय’ या तळहातावर मावणाऱ्या संगणकाची जोड मिळाली आहे. सूचना स्तुत्य आहे. परंतु देणाऱ्याने वस्तूची पूर्ण किंमत जाणून दान द्यावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

हा संगणक 29 फेब्रुवारी 2012 रोजी ब्रिटनमध्ये 35 डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे सतराशे रुपयांना, विक्रीस आला. मुलांनी संगणक नुसता वापरू नये, त्याला आज्ञा द्यायलाही शिकावे, हा त्यामागील हेतू होता. त्याचे उपयोग खरोखरच मोठे आहेत. त्यावर प्रोग्रॅमिंग शिकता येते. सेन्सर जोडून पाऊस व तापमान यांच्या नोंदी ठेवता येतात. मराठी विकिपीडिया त्यात उतरवून ठेवला, तर इंटरनेट नसतानाही तो वसतिगृहातील मुलांना वाय-फायवरून वाचता येतो.

मात्र 35 डॉलर ही केवळ बोर्डाची किंमत होय. पडदा, कीबोर्ड, माउस, मेमरी कार्ड आणि पुरेशी वीज देणारा चार्जर निराळे घ्यावे लागतात. 2015 मध्ये ‘पाय झीरो’ अवघ्या 5 डॉलरला मिळू लागला; पण त्याला नेहमीची एचडीएमआय केबल थेट बसत नव्हती आणि नेटवर्कची सोयही नव्हती. जोडसाहित्याचा खर्च सहज मूळ किमतीपुढे जाई.

स्वस्त संगणकाचे स्वप्न महाराष्ट्राने त्याआधीही पाहिले होते. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराटच्या छोट्या शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ हा प्रयोग सुरू झाला. शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला तो लॅपटॉप प्रत्यक्षात 180 डॉलरच्या पुढे गेला.

आपल्या इन्सुलीत तर पावसाळ्याचाही हिशेब धरावा लागेल. कार्डावर माहिती लिहिली जात असताना वीज गेली, तर कार्ड बिघडू शकते आणि संगणक सुरूच होत नाही. जुन्या बोर्डांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज आणि इंटरनेट दोन्ही गेले की वेळ चुकते आणि मुलांनी जमवलेल्या पावसाच्या नोंदी निरुपयोगी ठरतात. दमट हवेने जोडण्या गंजतात. निकामी झालेला बोर्ड ई-कचरा होतो. तो अधिकृत केंद्राकडेच द्यावा लागतो.

सर्वांत मोठा खर्च मात्र कोणत्याही पावतीवर दिसत नाही. तो म्हणजे शिकवणाऱ्याचा आणि दुरुस्ती करणाऱ्याचा वेळ. तो न मिळाल्यास उत्तम यंत्रही कपाटात धूळ खात पडते.

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला: कोणतीही गोष्ट एकटी उभी राहत नाही, ती अनेक कारणांच्या आधाराने उभी राहते. संगणकालाही हा नियम लागू आहे. म्हणून दहा नुसते बोर्ड देण्यापेक्षा चारच द्यावेत. पण सर्व साहित्यासह, प्रत्येकाचे एक राखीव कार्ड आणि वीज गेल्यावर काही मिनिटे पुरेल अशी बॅटरी जोडून. आणि आपल्यापैकी कोणीतरी महिन्यातून एक दिवस शाळेत येऊन मुलांसोबत बसावे. त्या एका दिवसावाचून बाकीचे दान अपुरेच राहील.