बाळंतपणाचे पैसे : चौकशी कुठल्या खिडकीवर?

लालबागच्या चाळीतली, दादरला साड्यांच्या दुकानात काम करणारी एक मुलगी मध्यंतरी माझ्याकडे आली. सातवा महिना सरत आलेला. सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधार, पासबुक, सगळं साडीच्याच प्लास्टिकच्या पिशवीत नीट घालून आणलेलं. "काकू, परळच्या हॉस्पिटलात दोन खेपा झाल्या. माझ्या पैशांचं काय झालं, कुणी धड सांगत नाही." अर्ज कधी केलास, विचारलं. अर्ज केलेलाच नव्हता. शेठ 'मी बघतो' म्हणाले होते, तेवढ्यावर ती निर्धास्त होती.

तिच्या दोन खेपांतच निम्मे गैरसमज आले. ई.एस.आय. म्हणजे कर्मचारी राज्य विमा. नावात 'राज्य' आहे म्हणून लोक समजतात की सगळा कारभार राज्य सरकारचा. तसं नाही. परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय, वरळीचं कामगार रुग्णालय आणि दवाखाने चालवतं राज्य. रजेचे पैसे मात्र केंद्राचं महामंडळ देतं, तेही आपल्या शाखा कार्यालयातून थेट बँक खात्यात. इस्पितळाच्या केसपेपरच्या खिडकीवर पैशांची चौकशी करणं म्हणजे पोस्टात जाऊन गॅसचा नंबर लावण्यासारखं. डॉक्टरांकडून मिळतो तो दाखला. गरोदर असल्याचा, अपेक्षित तारखेचा आणि पुढे बाळंत झाल्याचा.

आणि अर्ज शेठने नाही, बाईनेच करायचा असतो. नोव्हेंबर २०२२ पासून तो ऑनलाइनही करता येतो. विमा क्रमांक, म्हणजे पगाराच्या चिठ्ठीवरचा दहा आकडी नंबर, टाकून आपल्या खात्यात शिरायचं. मालकाचं काम हप्ते वेळेवर भरण्याचं आणि बाई खरंच रजेवर आहे याला दुजोरा देण्याचं. कागद पूर्ण असतील तर पहिली रक्कम १४ दिवसांत मिळायला हवी, असं महामंडळाचेच नियम सांगतात. म्हणून चौकशी करताना 'पैसे कधी येणार' असं न विचारता 'माझा कुठला कागद बाकी आहे' असं विचारावं. नेमकं उत्तर याच प्रश्नाला मिळतं.

"शेठ उपकार करतात हो, घरबसल्या पगार देतात," हेही ऐकू येतं. उपकार कसला? महिना १८,००० रुपये पगार असेल तर बाईचे पाऊण टक्क्याने १३५ रुपये कापले जातात आणि मालक सव्वातीन टक्क्यांनी ५८५ रुपये भरतो. त्या विम्यातून तिला सरासरी रोजाची पूर्ण रक्कम, २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस मिळते. ६०० रुपये रोज धरला तर १,०९,२०० रुपये. यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. आधीची दोन किंवा अधिक मुलं असतील तर रजा १२ आठवड्यांची होते. मिळतच नाही, हे खोटं.

दिवसांच्या हिशोबात मात्र भलेभले चुकतात. "पगारातून कापतात ना, मग झालं," असं नसतं. वर्षाचे हप्त्यांचे दोन भाग असतात : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पहिल्या भागाचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये, दुसऱ्याचा जुलै ते डिसेंबरमध्ये. बाळंतपण ज्या लाभकाळात येतं त्याच्या आधीच्या सलग दोन भागांत मिळून किमान ७० दिवसांचे हप्ते लागतात. आता समजा, मधली दोन वर्षं घरी राहून कुणी १ ऑगस्टला परत कामाला लागली आणि फेब्रुवारीत बाळंत होणार आहे. तिचे ऑगस्ट-सप्टेंबरचे दिवस भरतात ६१. ऑक्टोबरपासून कापलेले पैसे या बाळंतपणाला मोजतच नाहीत. नऊ दिवसांनी हुकलं! आयुष्यात पहिल्यांदाच विम्यात आलेल्या बाईचा लाभकाळ तर नोकरीच्या तारखेपासून नऊ महिन्यांनी सुरू होतो.

पण हुकलं म्हणून ती वाऱ्यावर पडत नाही, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. विम्यातून हक्क तयार होईपर्यंत मातृत्व लाभाच्या कायद्याने जबाबदारी मालकाची असते; आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. १९६१ चा तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. आठवडे तेच राहिले. पगार २१,००० च्या वर गेल्याने विम्यातून बाहेर पडलेल्या बायकांनाही हाच रस्ता. सहामाहीच्या मधेच पगार वाढला तर ती सहामाही संपेपर्यंत विमा चालू राहतो, हेही लक्षात असू द्या.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून एक नवीनच समज आला आहे : सिझेरियन झालं की रजा वाढते. कॅलिफोर्नियात बाळंतपण 'डिसॅबिलिटी'च्या विम्यात बसवतात. तिथे साध्या बाळंतपणानंतर सहा आठवडे, सिझेरियननंतर आठ. आपल्याकडे टाक्यांवर आठवडे ठरत नाहीत. बाळंतपणातून आजारपण उद्भवलं तर दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत लाभ मिळतो. गर्भपात झाला तरी सहा आठवडे मिळतात. ते मागायला मात्र कुणी जात नाही, दुःखात कागद कोण गोळा करणार?

"राजीनामा लिहून दे, नंतर परत घेतो," असं एका मालकाने माझ्यासमोर म्हटलेलं आहे, अगदी गोड आवाजात. लिहून देऊ नका. बाळंतपणाच्या रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे.

महामंडळाचं मुंबईतलं प्रादेशिक कार्यालय, पंचदीप भवन, लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर आहे. ज्यांच्या नावाचा तो रस्ता, त्या जोशींनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मातृत्व लाभाचं विधेयक आणलं होतं. ते फेटाळलं गेलं. १९२८ च्या जुलैत मुंबई विधिमंडळात तसंच विधेयक आलं तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली, आणि हा भार बराचसा सरकारने उचलावा असंही सुचवलं. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. दिवसाला आठ आणे, तेही गिरणीमालकाच्या खिशातून. त्यामुळे बायकांना कामावर ठेवायलाच मालक नाखूश असत. आज विम्याचा हक्क असलेल्या बाईला मालकाच्या दारात उभं राहावं लागत नाही, कारण मधे विमा आहे.

त्या मुलीचे दिवस भरले. ७० पेक्षा कितीतरी जास्त. अर्ज आम्ही तिच्याच मोबाइलवरून केला, अर्ध्या तासात. तुमच्या घरात कुणाला दिवस गेले असतील तर पाचव्या महिन्यातच हप्त्यांचे दिवस मोजून घ्या. हप्ते भरलेले दिसले नाहीत तर शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. १८००-११-२५२६ हा फुकट फोन आहे, आणि तिथेही भागलं नाही तर कर्मचारी विमा न्यायालय आहे.