भुरका मारा, बिनधास्त!

टोकियोच्या गल्लीत रामेनचं छोटं दुकान दिसलं? दारावरचा कापडी पडदा बाजूला सारा नि घुसा आत! पण वेटरची वाट बघू नका. बऱ्याच दुकानांत ऑर्डर घेतं दाराशी उभं असलेलं मशीन. येन टाका, बटण दाबा, तिकीट हातात! जपानी वाचता येत नाही? नो टेन्शन! डावीकडचं सगळ्यात वरचं बटण म्हणजे बहुतेक ठिकाणी दुकानाचा स्टार आयटम.

माहीत आहे का, जपानची ही लाडकी डिश मुळात चीनहून आलेली पाहुणी आहे? 1910 साली टोकियोच्या आसाकुसा भागात 'राइराइकेन' हे रामेनचं दुकान सुरू झालं, तेव्हा तिथले आचारी आले होते योकोहामाच्या चायनाटाउनमधून.

बाउल आला? आधी नूडल्स बघा. पिवळसर, चकचकीत, चावायला मस्त चिवट. अंड्याची कमाल? बहुतेकदा नाही! पिठात असतं 'कान्सुई', म्हणजे अल्कधर्मी क्षारांचं पाणी. थोडक्यात, आपल्या पापडखाराचं जपानी भावंड!

आता भुरका. मोठ्ठा आवाज करत! आमटी भुरकताना आईचे डोळे मोठे व्हायचे ना? इथे कुणी वळूनही बघत नाही. आवाजाबरोबर हवा आत जाते, उकळत्या नूडल्स जरा निवतात आणि सुगंध थेट नाकात. भुरक्यामागे चक्क सायन्स!

सूप दुधासारखं पांढरंशुभ्र दिसतंय? त्यात दुधाचा थेंबही नाही. हे 'तोन्कोत्सु', क्युशू बेटाची शान. डुकराची हाडं तासन् तास खळखळ उकळतात, त्यातली चरबी आणि जिलेटिन पाण्यात एकजीव होतं आणि सूप होतं सूप-र! 1937 साली कुरुमे गावातल्या एका फिरत्या गाड्यावरून या प्रकाराची सुरुवात झाली. आणि शाकाहारी मंडळी, तुम्ही कुठे निघालात? टोकियो स्टेशनातच 'टीज तानतान' आहे. तिथलं रामेन शंभर टक्के व्हीगन!

क्युशूतच हाकाता आहे, आणि तिथल्या नूडल्स एकदम बारीक. ऑर्डर काय द्यायची? 'बारीकाता'! म्हणजे जास्त कडक. त्याहून कडक 'हारिगाने', म्हणजे तार. आणि शेवटचं टोक 'कोनाओतोशी': नूडल्स उकळत्या पाण्यात जेमतेम काही सेकंद, वरचं पीठ झटकलं की झालं!

नूडल्स संपल्या, सूप उरलं? 'काएदामा!' म्हणा. उरलेल्या सूपमध्ये नूडल्सचा ताजा गुंडा येऊन पडेल. हाकाताचा हा काएदामा म्हणजे खवय्यांचा कायदाच.

एकटे आहात? 'इचिरान'मध्ये जा. दोन्ही बाजूंना लाकडी पार्टिशन, समोर बांबूचा पडदा. पडद्याखालून दोन हात येतात, बाउल ठेवतात, पडदा खाली! पुढची दहा मिनिटं फक्त तुम्ही आणि रामेन. इतक्या प्रेमाने, एकाग्र होऊन जेवायची सोय कुठे मिळते सांगा?

लसूणप्रेमींनो, 'रामेन जिरो' तुमच्यासाठी! टोकियोत केइओ विद्यापीठाजवळ त्याचं मूळ दुकान. बाउल तयार होताच विचारतात, "निन्निकु इरेमासु का?" म्हणजे लसूण घालू का? हो म्हणा आणि वर भाज्यांचा डोंगर मागा. पोट मात्र रिकामं ठेवून जा.

माहीत आहे का, रामेनला मिशलिन स्टारही मिळालाय? मिशलिनच्या टोकियो गाइडच्या 2016 च्या आवृत्तीत तेव्हा सुगामो भागात असलेल्या 'त्सुता'ने बाजी मारली. जगातलं पहिलं स्टारवालं रामेन दुकान, आणि बसायला काउंटरवर जेमतेम 9 खुर्च्या होत्या!

एकाच दिवसात वेगवेगळ्या गावांचं रामेन चाखायचंय? योकोहामाचं रामेन म्युझियम गाठा. 1994 साली सुरू झालेल्या या म्युझियमच्या तळघरात 1958 सालची अख्खी गल्ली उभी केलीय. दुकानांत छोटे बाउल मिळतात, त्यामुळे एकावर थांबायची गरजच नाही. आणि 1958 च का? त्याच वर्षी मोमोफुकु आंदो यांनी इन्स्टंट रामेन बाजारात आणलं!

आंदोंची नूडल पुढे अंतराळातही गेली. 2005 साली अंतराळवीर सोइची नोगुची डिस्कव्हरी यानातून 'स्पेस राम' घेऊन उडाले. तरंगत्या थेंबांनी घोळ होऊ नये म्हणून सूप दाट, आणि नूडल्स घासाएवढ्या गोळ्यांत.

जमिनीवरचा विक्रमी उत्साह बघायचा तर फुकुशिमातलं किताकाता. इथे लोक सकाळी सातलाच रामेनच्या दुकानात हजर असतात. नाश्त्याला! रुंद, वळणदार नूडल्स, हलकं सोया सूप, वर पोर्कचे काप. त्यामुळे किताकाताला मुक्काम असेल तर हॉटेलचा ब्रेकफास्ट बुक करूच नका.