अर्ध्या किलोच्या आत

पहाटे ४.२०
नाशिकजवळ गंगावऱ्ह्याच्या बाजूला, गंगापूर धरणाच्या फुगवट्यापासून पाच मिनिटांवर आबा आणि मावशी या मच्छीमार जोडप्याचं घर आहे. माघ महिना. आबांनी दोन शर्ट घातले, वरून मुलाचा कंपनीतला जुना स्वेटर. मुलगा सातपूरला कंत्राटावर कामाला जातो, तो अजून गोधडीत. मावशींनी चुलीवर कोरा चहा ठेवला. डोक्याला बांधायची बॅटरी रात्रभर चार्जिंगला होती. अडीचशे रुपयांची. सहा महिने बरी चालते, मग पट्टा सैल होतो आणि ती नाकावर उतरते. ही आत्ता नाकावरच आहे.

पहाटे ४.५०
तराफा म्हणजे थर्माकोलचे चार जाड ठोकळे, युरियाच्या रिकाम्या गोण्यांत शिवलेले आणि बांबूच्या चौकटीत आवळून बांधलेले. सगळा मिळून बाराशेचा खर्च, दोन पावसाळे निघतात. वल्ही नाहीत. चपलेएवढे प्लायवूडचे दोन तुकडे दोन्ही हातांत धरायचे आणि वाकून पाणी मागे लोटायचं. आबा पुढे, मावशी मागे. मला त्यांच्या पुतण्याच्या तराफ्यावर बसवलं आणि एकच सूचना दिली, हलायचं नाही.

आबांच्या तराफ्याच्या कडेच्या बांबूवर ब्लेडनं दोन खुणा कोरल्या आहेत. एक तेरा इंचांवर, एक चौदावर. मच्छीमार संस्थेचा नियम आहे की कटला, रोहू, मृगळ अर्ध्या किलोच्या आतला असेल तर परत पाण्यात. अंधारात काटा कोण काढणार? म्हणून खुणा. चौदाची रोहू-मृगळाला, तेराची कटल्याला. कटला अंगानं रुंद, त्याच वजनाला तो आखूड भरतो.

पहाटे ५.१५
पहिलं जाळं. काल संध्याकाळी टाकलेलं, तंगुसाचं म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचं, वर थर्माकोलचे तुकडे, खाली शिशाचे मणी. डोळा ताणून धरला की चार इंच. मासा डोकं घालतो, कल्ल्यापाशी अडतो, मागे सरतो, आणि तंगूस कल्ल्यात रुततं. चार इंचांतून लहान मासा सरळ पलीकडे जायला हवा. बहुतेक जातोही. पण काही पराला, तोंडाला गुंडाळून घेतात. सायप्रिनस माशाच्या पाठीवर तर करवतीसारखा दातेरी काटा असतो, तो केवढाही असला तरी अडकतोच.

दुसऱ्याच वावात एक रोहू आला. खुणेला लावला तर बोटभर कमी. पण जिवंत. आबांनी आधी हात पाण्यात बुडवले. कोरड्या हातानं धरलं की अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग तिथं बुरशी धरते. डाव्या हातानं डोकं पाण्याखाली ठेवलं. उजव्या हाताच्या करंगळीचं नख वाढवलेलं आहे, ते कल्ल्याच्या झाकणाखाली घातलं, तंगूस उचललं आणि डोक्याच्या दिशेनं सरकवलं. मागे ओढायचं नाही, कल्ला फाटतो. मासा सुटला तरी आबांनी लगेच सोडला नाही. पाण्यात सरळ धरून ठेवला. कल्ल्याची उघडझाप दोन-तीनदा झाली, शेपटीनं तळहाताला फटका दिला, मग बोटं उघडली. या एका माशाला मिनिटभर गेलं. तेवढ्यात मावशींनी मागच्या बाजूनं तीन चिलापी काढून टोपलीत टाकल्या होत्या.

पुढचा रोहूही लहानच, आणि मेलेला. रात्रभर कल्ला आवळलेला, पाणी आत घेता आलं नाही. तो आबांनी वेगळ्या डब्यात टाकला.

‘‘हा सोडायचा नाही?’’ मी विचारलं.

‘‘मेलेला सोडून काय? कासव खाईल. त्यापेक्षा आम्ही खातो.’’ मग थोड्या वेळानं, ‘‘थंडीत बरेच जगतात. चैतात पाणी तापलं की निम्मेसुद्धा जगत नाहीत.’’

म्हणजे नियमाचा निकाल सकाळी बांबूच्या खुणेवर लागत नाही. तो आदल्या संध्याकाळी, कुठल्या डोळ्याचं जाळं पाण्यात गेलं तिथंच लागलेला असतो. खूण उरलेल्यांसाठी.

सकाळी ६.४५
उजाडलं. पलीकडच्या काठावर द्राक्षबागांत फवारणीचा ट्रॅक्टर सुरू झाला. वाळक्या झाडावर पाणकावळे बसलेत. त्यातल्या एकानं बुडी मारून वीतभर रोहू वर आणला आणि गिळला. ‘‘याला लावा अर्ध्या किलोचा नियम,’’ पुतण्या म्हणाला.

सकाळी ७.३०
काठावर वजन. संस्थेचा माणूस इलेक्ट्रॉनिक काटा आणि वही घेऊन बसलाय. धरण पिण्याच्या पाण्याचं, साठा साडेपाच टीएमसीच्या वर, नाशिक शहर त्यावर जगतं. मासे मात्र संस्थेचे. ती पावसाळ्यात बोटुकली विकत आणून सोडते, वाढल्यावर सभासदांकडून ठरल्या दरानं घेते. दोन किलोंच्या वर शंभर रुपये किलो. अर्धा ते दोन किलो, पंचाहत्तर. चिलापी चाळीस, तीही पाव किलोच्या वरची. त्याखालची चिलापी संस्था घेत नाही, ती ज्याची त्यानं विकावी.

एक कटला तीन किलो दोनशे ग्रॅमचा, ३२० रुपये. मधल्या मापाचे रोहू, सायप्रिनस आणि एक लहान कटला मिळून आठ किलो सातशे, ६५२ रुपये. चिलापी आठ किलो, ३२०. बेरीज १२९२. मागच्या उचलीतले २०० कापले. हातात १०९२. दोन माणसांची रात्र आणि पहाट.

पैसे मोजेपर्यंत एक मोटारसायकल येऊन थांबली. रस्त्यावरच्या ढाब्याचा पोरगा. शनिवार-रविवार वायनरीकडे येणारी गर्दी जेवायला तिथं थांबते.

‘‘आबा, पाव किलोचे रोहू आहेत का? एकशेचाळीसनं घेतो.’’

संस्थेच्या माणसानं वहीतून मान वर केली नाही. ढाब्याला मोठा मासा नको असतो. तुकडे केले की गिऱ्हाईक शेपटीचा तुकडा परत करतं. पाव किलोचा अख्खा मासा ताटात बसतो, चिरे देऊन तळला की दिसतोही छान. म्हणून ज्या माशाला काट्यावर किंमत शून्य, त्याला रस्त्यावर मधल्या मापाच्या जवळपास दुप्पट भाव. पहाटे सोडलेले सात-आठ एकत्र केले तर दोन किलो भरले असते. २८० रुपये.

‘‘नाहीत,’’ आबा म्हणाले. पोरगा पुढच्या तराफ्याकडे गेला. तिथं त्याला बहुधा मिळाले असावेत, कारण परत जाताना पिशवी जड होती.

सकाळी ९.४०
अंगणात जाळं पसरलंय. शिवायची सुई बांबूची, घासून घासून तुळतुळीत झालेली. मावशी भोकं शिवतात. एक भोक कासवाचं, एक बुडालेल्या बाभळीचं. कासवाचं भोक गोल आणि बाभळीचं लांबट, हे त्यांनी न विचारता सांगितलं. दोन जाळी आता शिवण्यापलीकडे गेलीत. ती आज नवी आणायची आहेत.

सकाळी ११.१०
काठावर गंगापूर रोडकडचे दोन तरुण गळ टाकून बसलेत, संस्थेच्या माणसाला विचारून. रीळ लावलेल्या काठ्या, ओल्या कापडाची झोळी, मोजपट्टी छापलेली चटई. गळाच्या टोकाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट केलेला, म्हणजे काढताना तोंड फाटत नाही. मला हे आवडलं. आबांनी गळ हातात घेऊन नीट पाहिला आणि म्हणाले, ‘‘अशानं मासा सुटून नाही का जात?’’

‘‘जातो कधी कधी.’’

‘‘मग?’’

‘‘जाऊ दे की.’’

तासाभरात एक मृगळ लागला. दोन किलोंच्या वरचा. चटईवर मोजला, फोटो काढला आणि सोडून दिला. आबा त्याच्या शेपटीकडे बघत राहिले. ‘‘दोनशे रुपये गेले,’’ ते म्हणाले. रागानं नाही, हिशेबानं. नंतर त्या तरुणांना एक चिलापी लागली, तीही त्यांनी तितक्याच प्रेमानं सोडली. तेव्हा मात्र आबा उठून उभे राहिले. ‘‘तिला कशाला? ती आफ्रिकेची, तळहाताएवढी झाली की पिल्लं घालते, सगळं पाणी खाऊन टाकते. तिला आणा इकडं.’’

एकानं मोबाइलवर अमेरिकेतला व्हिडिओ दाखवला. नदी, बास नावाचा मासा, इंचांत मोजणी. काही ठिकाणी तिथं लहान सोडायचा, खूप मोठाही सोडायचा आणि फक्त मधला घरी न्यायचा. मोठी मादी अंडी जास्त घालते म्हणून.

आबांना हे पटेना. आणि त्यांचं चुकत नव्हतं. बास साचल्या पाण्यातही काठाला घरटं करतो. कटला-रोहूला अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. धरणाच्या साचल्या पाण्यात ते नुसते वाढतात. म्हणून तर बीज विकत आणावं लागतं. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरींनी माशाला पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावली. तेव्हापासून बीज हॅचरीत होऊ लागलं. १० जुलैचा मत्स्यशेतकरी दिन त्याचाच. आधी जिरे, मग बीज, मग बोटुकली. इथं पोहणारा बहुतेक रोहू हा कुणीतरी पैसे मोजून सोडलेला आहे. तीन किलोंचा कटला पाण्यात ठेवून त्याची पिलावळ वाढेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. पाव किलोचा ठेवला तर मात्र वर्षभरात किलोचा होतो. पावतीवर लिहिल्यासारखं सरळ गणित.

‘‘मोठा आमच्याकडे, लहान पाण्याकडे,’’ आबा म्हणाले. ‘‘तुमचं उलटं कशाला?’’

दुपारी १.००
भात, बाजरीची भाकरी, डब्यातल्या मेलेल्या रोहूचं कालवण. लहान रोहूत काटे फार. जेवण हळू होतं. मग आबा आडवे झाले.

दुपारी ३.४५
बसनं नाशिकला. जाळ्याचं दुकान जुन्या नाशकात, बोळात. दुकानदारानं न विचारता अडीच इंची काढून ठेवलं.

‘‘चार इंची द्या.’’

‘‘आबा, आता सगळे हेच नेतात.’’

‘‘माहीत आहे.’’

चार इंची मागच्या फडताळात, धूळ झटकून काढावं लागलं. एक जाळं ४८०, दोन ९६०. सकाळच्या १०९२ मधून १३२ उरले. शिसं आणि बसभाडं त्यातच.

परतताना मासळी बाजारातून गेलो. बर्फावर मुंबईचा माल. पापलेटच्या एका ढिगात अगदी लहान लहान. २०२३ साली पापलेट राज्यमासा झाला. त्याच वर्षी समुद्रातल्या ५४ जातींना किमान माप ठरलं, पापलेटला १३५ मिलिमीटर, बोंबलाला १८०. मी हे सांगितल्यावर आबांनी वीत उघडली, निम्म्याहून जरा पुढे अंगठा ठेवून पापलेटावर धरली. ढिगातले निम्मे तेवढे भरेनात.

‘‘मावशी, हे मापाचे नाहीत,’’ मी विकणारीला म्हणालो.

‘‘माप मला नका शिकवू, बोटीवाल्याला शिकवा. माझ्याकडं येतात तेव्हा मेलेलेच असतात.’’

आबा हसले. सकाळी ते हेच म्हणाले होते.

संध्याकाळी ६.००
जाळी टाकायची वेळ. एक टोक बाभळीच्या बुंध्याला बांधायचं, मग तराफा मागे नेत जाळं हळूहळू सोडत जायचं. मावशी सोडतात, आबा लोटतात. पीळ पडला की थांबून उलगडायचा. चार जाळ्यांना पाऊण तास लागतो, आणि सगळा वेळ गुडघे ओले.

खाडीच्या तोंडावर दुसऱ्या कुणाचं तरी जाळं आधीच लागलेलं. आबांनी वरची दोरी उचलून डोळ्यात बोटं घातली. अडीच इंची. संस्था असं जाळं जप्त करू शकते, सभेत दरवर्षी त्यावर भांडण होतं. ‘‘कोणाचं?’’ मी विचारलं. त्यांना गाठीवरून कळलं होतं हे दिसत होतं. ते काही बोलले नाहीत, दोरी सोडली आणि आपलं जाळं वीस वाव अलीकडे टाकलं. मावशी मात्र बोलल्या, ‘‘यांना सांगून थकले. उद्या मीच सांगते संस्थेत.’’

‘‘त्याची पोरगी लग्नाची आहे.’’

‘‘आपलीही होतीच की.’’

रात्री ८.१५
ढाब्यावाल्या पोराचा फोन. उद्या रविवार, अख्खे मासे वीस तरी हवेत. आबांनी फोन मावशींकडे दिला.

‘‘रोहू नाही मिळायचा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चिलापी घे. पाव किलोची, ताटात बसेल अशी. तिला कुणाचा नियम नाही.’’

पलीकडून काहीतरी लांबण लागली. गिऱ्हाईक रोहू मागतं, असं असावं.

‘‘मग पाटीवर तळलेला मासा लिही, नाव कशाला लिहितो? काय भाव देतोस? साठ? संस्था मोठीला चाळीस देते म्हणून तू लहानीला साठ देतोस होय? नव्वद.’’

ऐंशीला जमलं. साफ करून देणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

‘‘आणि सातच्या आत ये. बर्फ तुझा.’’