किती वेळा आणि किती काळाने

नगर-मनमाड मार्गावरील नागापूरची ओळख आज औद्योगिक वसाहतीशी जोडली गेली आहे. अशा वसाहतीतील एखाद्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीच्या तक्त्यावर, कॉम्प्रेसरच्या तपासणीपुढे, ‘बायवीकली’ एवढाच इंग्रजी शब्द लिहिलेला असेल, तर त्याप्रमाणे काम करणाऱ्या फिटरने तपासणी आठवड्यातून दोनदा करावी की दोन आठवड्यांतून एकदा, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही. पहिला अर्थ घेतला तर वर्षाकाठी १०४ तपासण्या होतात, दुसरा घेतला तर २६. आणि एका शब्दाच्या पोटात चौपटीचे अंतर दडलेले असताना, ज्या फिटरने यांपैकी कोणताही अर्थ धरला त्याला दोषी ठरविणे न्यायाचे होणार नाही, कारण प्रमाणभूत इंग्रजी कोश हे दोन्ही अर्थ नोंदवून ठेवतात.

या संदिग्धतेचे मूळ लॅटिनमधून आलेल्या ‘बाय’ या उपसर्गात आहे. हा उपसर्ग दोन ही संख्या सांगतो, परंतु ती संख्या कालावधीला लावायची की आवृत्तीला, हे सांगत नाही. ‘बायमंथली’ची स्थिती तीच आहे. वर्षाच्या बाबतीत मात्र इंग्रजीने भेद राखण्याचा प्रयत्न केला: ‘बायॲन्युअल’ म्हणजे वर्षातून दोनदा, आणि ‘बायेनियल’ म्हणजे दोन वर्षांतून एकदा. तथापि हे शब्द उच्चाराने इतके निकट आहेत की हा भेद कोशात जितका टिकला तितका व्यवहारात टिकला नाही. याउलट अर्धा या अर्थाचा ‘सेमी’ हा उपसर्ग निःसंदिग्ध आहे, कारण अर्ध्या महिन्याने किंवा अर्ध्या वर्षाने घडणारी गोष्ट एकाच प्रकारे मोजता येते.

ब्रिटिश इंग्रजीत पंधरवड्यासाठी ‘फोर्टनाइट’ हा चौदा रात्री या अर्थाचा जुना शब्द आहे, आणि तो आपल्या कचेऱ्यांतही रुळला. अमेरिकेत मात्र तो जवळजवळ वापरात नाही. म्हणून नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांना ‘बायवीकली’ आणि ‘सेमीमंथली’ या वेतनपद्धतींतील फरक प्रथम समजून घ्यावा लागतो. पहिलीत दर चौदा दिवसांनी, म्हणजे सामान्यतः वर्षातून २६ वेळा, वेतन मिळते. दुसरीत महिन्यातून दोनदा, म्हणजे २४ वेळा. वार्षिक रक्कम तीच असली तरी पहिल्या पद्धतीत प्रत्येक हप्ता लहान पडतो, आणि सामान्यतः वर्षातील दोन महिन्यांत तीन-तीन हप्ते हाती येतात. घरभाडे व कर्जफेड दरमहा चुकती करणाऱ्याला हा हिशेब आधी मांडून ठेवावा लागतो.

आपल्या भाषेकडे वळले म्हणजे तिच्या संपत्तीचा मला अभिमान वाटतो. फारशी वळणाच्या दफ्तरी भाषेने आपल्याला दररोज, दरमहा, दरसाल, तिमाही आणि सहामाही असे शब्द दिले. यांतील तिमाही आणि सहामाही हे शब्द मुदतीचे माप स्वतःच सांगतात, त्यामुळे तिमाही हिशेब महिन्यातून तीनदा द्यावयाचा असतो अशी शंका कोणत्याही कारकुनाला येत नाही. संस्कृत घडणीचे द्वैमासिक व त्रैमासिक हे शब्दही असेच सरळ आहेत. रिझर्व्ह बँकेचे पतधोरण २०१४ पासून द्वैमासिक झाले, याचा अर्थ ते दर दोन महिन्यांनी जाहीर होते. आणि राज्यसभेचे एकतृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होत असल्याने त्या निवडणुकीला द्वैवार्षिक म्हणतात.

नियतकालिकांच्या जगात हे शब्द शोभेचे नसतात. ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले ते पाक्षिक म्हणून, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ते साप्ताहिक झाले. नागापूरपासून जवळच असलेल्या नगर शहरातून अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली सुरू केलेला ‘ज्ञानोदय’ आरंभी मासिक होता, पुढे पाक्षिक झाला आणि कालांतराने साप्ताहिक. साधने, मजकूर, वाचकवर्ग आणि डाकेची सोय वाढली म्हणजे अंकांमधील अंतर घटते; त्यामुळे शीर्षकाखालचा तो एक शब्द त्या पत्राच्या प्रकृतीचा दाखलाच ठरतो. कायद्यालाही त्याचे महत्त्व पटलेले होते: १८६७ च्या मुद्रणविषयक अधिनियमाखाली, त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनंतर, नियतकालिकता बदलली की जुने प्रतिज्ञापत्र रद्द होऊन दंडाधिकाऱ्यांसमोर नवे करावे लागे. त्या अधिनियमाची जागा आता २०२३ च्या कायद्याने घेतली आहे.

इतकी स्वच्छ व्यवस्था हाताशी असताना इंग्रजीचा दोष आपण अनुवादातून ओढवून घ्यावा, याचे मला दुःख होते. रेल्वेच्या परिभाषेत द्विसाप्ताहिक गाडी म्हणजे आठवड्यातून दोन दिवस धावणारी गाडी. ज्या न्यायाने द्वैमासिक म्हणजे दोन महिन्यांचे, त्याच न्यायाने द्विसाप्ताहिक म्हणजे दोन आठवड्यांचे व्हावयास हवे. येथे मात्र संख्या आठवड्याला न लागता फेऱ्यांना लागली. आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या पत्राला आपल्याकडे अर्धसाप्ताहिक असेही म्हणत, आणि तो शब्द कितीतरी निर्दोष होता.

आपल्या स्वतःच्या मोजणीतही एक अडचण आहे, ती मात्र निराळ्या जातीची. रविवारी आलेल्या पाहुण्याला ‘आठ दिवसांनी या’ म्हटले की तो पुढच्या रविवारी येतो, कारण आजचा दिवस आपण पहिला धरतो. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणताना चौदाच दिवस जातात. आयुर्वेदातील तृतीयक ज्वर मध्ये एकच दिवस सोडून येतो, त्याचेही कारण हेच, आणि रोमन लोकही असेच मोजत असल्याने त्याच हिवतापाचे इंग्रजी नाव ‘टर्शियन’ पडले. घरोघरी समजणारा ‘दिवसाआड’ हा शब्द यात स्पष्ट आहे. परंतु पाणीपुरवठ्याच्या सूचनेत ‘दोन दिवसांआड’ असे आले की नळ तिसऱ्या दिवशी येणार असे एक घर समजते आणि दुसऱ्याच दिवशी येणार असे शेजारचे. अशा सूचनेत पाणी सुटण्याच्या तारखाच छापाव्यात, आणि महिना बदलला की नव्या तारखांचा कागद चिकटवावा. त्याला लागणारा खर्च एका हंड्याच्या खोळंब्यापेक्षा अधिक नाही.