छंदातून विमान, जतनातून इतिहास

विमान हे मोठ्या कारखान्यातच तयार व्हावयाचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि, घराच्या आवारातील पडवीत किंवा मोटार ठेवण्याच्या जागेत, नोकरीधंदा सांभाळून, स्वतःच्या हातांनी विमान बांधणारे हौशी वैमानिक जगात हजारोंच्या संख्येने आहेत.

अमेरिकेतील मिलवॉकी येथे १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांच्या पुढाकाराने अशा हौशी मंडळींची ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. १९७० पासून ऑशकॉश या गावी तिचा वार्षिक मेळावा भरत आला आहे. लाकूड, कापड, ॲल्युमिनियम आणि काचतंतू यांपासून बनविलेली घरगुती विमाने तेथे येतात. शेजारीच दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमाने उभी असतात. बांधणीत झालेल्या चुका आणि त्यांवर सापडलेले उपाय हे दोन्ही येथे मोकळेपणाने सांगितले जाते.

हा छंद स्वैर मात्र नाही. अमेरिकी नियमानुसार विमानाच्या बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तींनी, शिक्षणासाठी अथवा करमणुकीसाठी, स्वतः पूर्ण करावा लागतो. त्यानंतर तपासणी होते. आरंभीची चाचणी-उड्डाणे ठरावीक क्षेत्रातच करावी लागतात. विमान प्रायोगिक असल्याची सूचना प्रवाशास दिसेल अशी लावणे बंधनकारक असते.

जुन्या युद्धविमानांचे जतन हे याहूनही अवघड काम होय. त्यांचे सुटे भाग बनणे केव्हाच थांबले आहे. या कार्यात भारताचा वाटा उल्लेखनीय आहे. महायुद्ध संपल्यावर अमेरिकी बनावटीची अनेक ‘लिबरेटर’ बॉम्बफेकी विमाने कानपूर येथे नादुरुस्त करून टाकून देण्यात आली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी त्यांतील कित्येक विमाने पुन्हा उड्डाणक्षम केली आणि भारतीय वायुदलाने ती १९६८ पर्यंत वापरली. लंडन येथील रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयातील लिबरेटर भारतातूनच गेलेले आहे. जे भंगार ठरले होते, तेच पुढे इतिहासाचे साधन झाले.

महाराष्ट्रातही या छंदाचे ठळक उदाहरण आहे. व्यवसायाने वैमानिक असलेल्या कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवली येथील आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांसमोर आले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी मात्र २०१७ मध्ये झाली. विमान बांधण्याइतकीच चिकाटी परवानगी मिळविण्यासही लागते, हे यातून दिसते.

तपासणीतील ही कसोशी अनाठायी नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात महायुद्धकालीन ‘बी-१७’ विमान कोसळून सात जण मृत्युमुखी पडले. हौस कितीही प्रामाणिक असली, तरी देखभालीतील ढिलाई आकाश क्षमा करीत नाही. म्हणूनच नियमन करणाऱ्यांनी उमेदीला वाट द्यावी आणि उमेदवारांनी तपासणीला सहकारी मानावे, हे दोघांच्याही हिताचे आहे.

या वृत्तीचे बीज शाळेतच पेरता येते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत विमानांच्या प्रतिकृती बनविण्याचे शिक्षण मिळते. कागद, बांबूच्या काड्या आणि रबर यांपासून बनविलेले छोटे विमान वर्गातही उडविता येते. ते का पडले, याचा शोध घेणारा विद्यार्थी विज्ञानाचा पहिला धडा आपल्या हातांनीच शिकतो.