झाडाच्या सालीतले औषध आणि उताऱ्याचा हिशेब



शिरूर कासारच्या बाजूला कुणाला गाठ निघाली की दवाखान्याआधी झाडपाला आठवतो. त्यात सगळेच खुळेपण आहे असे नाही. कर्करोगावरची दोन नामांकित औषधे झाडांतूनच निघाली आणि दोन्हींच्या शोधात आपल्या महाराष्ट्राचा माणूस होता. डॉ. मनसुख वाणी, जन्म १९२५, नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेला गेले. तिथे डॉ. मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी १९६६ साली एका चिनी झाडातले कॅम्पटोथेसिन आणि १९७१ साली पॅसिफिक यू झाडाच्या सालीतले टॅक्सॉल उजेडात आणले. कॅम्पटोथेसिन पुढे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही सापडले. मग त्या झाडावर जी कुऱ्हाड चालली, ती कहाणी वेगळी.

टॅक्सॉल पेशीला दुभंगू देत नाही, म्हणून गाठीची वाढ अडते. स्तन, गर्भाशयाचे अस्तर व बीजांडकोश यांच्या कर्करोगावर ते देतात. कॅम्पटोथेसिनपासून बनवलेले इरिनोटेकॅन मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर चालते. हे चारही रोग लठ्ठपणाशी जोडलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ साली अशा तेरा कर्करोगांची यादी दिली. पाळी गेल्यावर अंगातली चरबीच स्त्री-संप्रेरक तयार करते आणि ते स्तनाच्या, गर्भाशयाच्या पेशींना वाढायला लावते. साखर कारखान्याच्या पत्रिकेत वजनाविषयी लिहिणे जरा अवघडच. पण मोटारसायकल आल्यापासून बांधापर्यंतसुद्धा आपण चालत नाही, हे खरे ना?

मग सालीचा काढा का नको? उताऱ्याचा हिशेब करा. शंभर किलो उसातून दहा-अकरा किलो साखर निघते. किलोभर टॅक्सॉलला दहा हजार किलोच्या आसपास साल लागे. डॉक्टर रुग्णाची उंची-वजन मोजून ते मिलिग्रॅमच्या हिशेबाने शिरेतून देतात. कमी पडले तर गाठ हटत नाही, जास्त झाले तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात. पातेल्यातल्या काढ्यात किती उतरले, हे कोण मोजणार? सदाफुलीतूनही रक्ताच्या कर्करोगाचे औषध निघते, पण तिची पाने चघळणे म्हणजे विष चघळणे.

हळदीचे निराळे. तिच्यातले कुरकुमिन प्रयोगशाळेतल्या पेशींवर गुण दाखवते. पोटातून रक्तात मात्र फारच थोडे जाते आणि कर्करोगाचे औषध म्हणून त्याला मान्यता नाही. भाजीतली हळद खुशाल खावी. मिरीचा अर्क घातलेल्या कुरकुमिनच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. केमो चालू असताना असले काही घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

स्तनात गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त, शौचातून रक्त, यांपैकी काही दिसले तर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत थांबू नये. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. बायका हे आपणहून सांगत नाहीत, घरच्यांनी विचारावे. आणि जाताना आधीचे सगळे कागद बरोबर न्यावेत.